‘जवळजवळ ख्रिस्ती’: निष्कपट विश्वासाविषयीचे एक कठीण प्रवचन

वाचकाचे पत्र

आदरणीय महोदय, आमच्या मंडळीतील तरुण संघाची जबाबदारी गेली दोन वर्षे माझ्याकडे आहे. माझा जन्म ख्रिस्ती घरातला, त्यामुळे प्रार्थना, उपासना आणि वचनपाठ मला श्वासाइतके सवयीचे आहेत. संघातली मुलेमुली नियमाने येतात, चांगली गातात, वचने अचूक म्हणून दाखवतात. परंतु ह्या सगळ्याच्या मागे विश्वास कितपत आहे, ह्या विचाराने मी अस्वस्थ होते. त्यांना गोंजारणारे नव्हे, तर मुळापासून हलवणारे एखादे प्रवचन आपण सुचवाल का? मोकळेपणाने सांगायचे तर हाच प्रश्न मला माझ्याविषयीही पडतो. मी मोठ्याने प्रार्थना करते तेव्हा शब्द बरोबर येतात, पण मन तिथे असतेच असे नाही. मी ढोंगी आहे का? आणि जिला स्वतःच्याच विश्वासाची खात्री नाही, तिने इतरांना असे प्रवचन ऐकवावे का?

उत्तर

प्रिय भगिनी,

प्रभू येशूच्या नावात सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. पहिल्या वाचनात ती एका प्रवचनाविषयीची चौकशी वाटली आणि दुसऱ्या वाचनात ध्यानात आले की, शेवटची तीन-चार वाक्ये लिहिता यावीत म्हणून बाकीचे पत्र लिहिले गेले आहे. त्या वाक्यांकडे मी येणारच आहे. पण तिथे जाणारी वाट तुम्ही मागितलेल्या प्रवचनातूनच जाते, म्हणून आधी त्याविषयी लिहितो.

मी सुचवतो ते प्रवचन अठराव्या शतकातील इंग्रज उपदेशक आणि मेथडिस्ट चळवळीचे संस्थापक जॉन वेस्ली ह्यांचे आहे. त्याचे इंग्रजी नाव ‘द ऑलमोस्ट ख्रिश्चन’. मराठीत आपण त्याला ‘जवळजवळ ख्रिस्ती’ म्हणू. २५ जुलै १७४१ रोजी ऑक्सफर्ड येथील सेंट मेरी चर्चमध्ये, विद्यापीठातील अध्यापक आणि विद्यार्थी ह्यांच्यापुढे त्यांनी ते केले. वेस्ली तेव्हा ३८ वर्षांचे होते आणि त्याच विद्यापीठातील लिंकन कॉलेजचे फेलो, म्हणजे सभासद-अध्यापक, असल्यामुळे ह्या व्यासपीठावरून बोलण्याची पाळी त्यांच्याकडे येत असे. समोर कोण बसले होते, हे लक्षात घेतल्याशिवाय त्या प्रवचनाची धार कळत नाही. इंग्लंडच्या मंडळीची विश्वासविषयक कलमे मान्य असल्याची सही केल्याखेरीज त्या काळी ऑक्सफर्डमध्ये प्रवेशच मिळत नसे, आणि तिथे शिकणाऱ्यांपैकी कितीतरी जण पुढे पाळक होणार होते. म्हणजे देवाला न मानणाऱ्यांची ती सभा नव्हती. तुमच्या तरुण संघाप्रमाणेच जन्माने, संस्काराने आणि सवयीने ख्रिस्ती असलेल्या माणसांची ती सभा होती, आणि अशा माणसांना वेस्लींनी विचारले की, तुम्ही जवळजवळ ख्रिस्ती आहात की पुरते ख्रिस्ती?

‘हलवून सोडणारे प्रवचन’ म्हटले की पुष्कळांना त्याच महिन्यात, ८ जुलै १७४१ रोजी, अमेरिकेतील एनफिल्ड येथे तिथले उपदेशक जोनाथन एडवर्ड्स ह्यांनी देवाच्या क्रोधाविषयी केलेले प्रवचन आठवते. ते थोर आहे ह्यात शंका नाही, आणि त्याच्या परिणामाची साक्ष इतिहासात आहे. तरीही तुमच्या मुलांसाठी मी ते सुचवणार नाही. दूर भटकणाऱ्या माणसाला भीती दारापर्यंत आणू शकते. तुमची मुले तर घरातच वाढलेली आहेत, आणि घरात वाढलेल्या मुलाची अडचण निराळी असते. ती कोणती, हे लूकच्या पंधराव्या अध्यायात, उधळ्या पुत्राच्या दाखल्यातला थोरला भाऊ आपल्याला दाखवतो: त्याने बापाची एकही आज्ञा मोडली नव्हती, आणि तरीही मेजवानीच्या रात्री तो दाराबाहेर उभा होता. वेस्लींचे प्रवचन ह्या थोरल्या भावाशी बोलते.

त्याचा आधार प्रेषितांची कृत्ये २६:२८ हा आहे. प्रेषित पौल कैसरियात बंदिवासात असताना राजा अग्रिप्पापुढे आपली बाजू मांडतो आणि बोलता बोलता राजालाच विचारतो की, तुमचा संदेष्ट्यांवर विश्वास आहे ना? त्यावर अग्रिप्पा जे म्हणतो ते १६११ च्या इंग्रजी भाषांतरात असे आले आहे की, तू मला जवळजवळ ख्रिस्ती व्हायला राजी केलेस. आणि वेस्लींनी त्यातला ‘जवळजवळ’ हा शब्द उचलला आहे. तुम्ही मराठी पवित्र शास्त्र उघडाल तेव्हा तिथे हा शब्द न सापडता ‘थोडक्यानेच’ अशा अर्थाचा शब्द दिसेल, आणि खरे पाहता मूळ ग्रीक शब्दांच्या तोच अधिक जवळ आहे. अग्रिप्पाचे मन खरोखरच वळत आले होते की तो प्रश्न टाळत होता, हे त्या एका वाक्यावरून ठरवणे कठीण आहे. संघातला एखादा चौकस मुलगा हा फरक नक्की पकडेल, तेव्हा तो तुम्हीच आधी सांगून टाका. प्रवचनाचा भार त्या एका शब्दावर मुळीच नाही. ‘प्रभूजी, प्रभूजी’ असे म्हणणाऱ्या प्रत्येकाचा स्वर्गाच्या राज्यात प्रवेश होणार नाही, असे मत्तयाच्या सातव्या अध्यायात प्रभू स्वतः सांगतो. सुभक्तीचे बाह्य रूप असूनही तिचे सामर्थ्य नाकारणाऱ्यांविषयी पौल तीमथ्याला सावध करतो. आणि भुतेही विश्वास धरतात व थरथर कापतात, असे याकोब लिहितो. ह्या वचनांच्या पायावर ते प्रवचन भक्कम उभे आहे.

आता प्रवचनात काय आहे ते पाहू. ‘जवळजवळ ख्रिस्ती’ कोणाला म्हणावे, हे सांगताना वेस्ली पहिल्या प्रथम साध्या माणुसकीच्या सचोटीपासून सुरुवात करतात: दुसऱ्याचे लुबाडायचे नाही, खोटे बोलायचे नाही, आपल्याला पुरून उरलेले भुकेल्याला द्यायचे. देवाचे नावही न ऐकलेल्या लोकांनी एकमेकांकडून एवढी अपेक्षा केलीच होती, असे ते म्हणतात. त्याच्यावर ते सुभक्तीचे बाह्य रूप ठेवतात. हा मनुष्य देवाचे नाव व्यर्थ घेत नाही, प्रभूचा दिवस पाळतो, व्यभिचारापासून दूर राहतो, कोणाची निंदानालस्ती करत नाही, भांडण टाळतो, स्वतः कष्ट सोसून इतरांचे भले करतो, घरच्यांसोबत प्रार्थना करतो, उपासनेला नियमाने जातो, आणि तिथे गेल्यावर इकडेतिकडे बघत किंवा डुलक्या घेत न बसता मन लावून ऐकतो. वाचताना आपण ह्या प्रत्येक गोष्टीला मनातल्या मनात मान डोलावत जातो. निदान माझे तरी तसे झाले होते. एवढे सगळे करणारा माणूस आमच्या मंडळीत असता, तर आम्ही त्याला मंडळीचा कारभार पाहणारा वडील म्हणून निवडले असते!

ह्यानंतर वेस्ली तिसरी गोष्ट सांगतात, आणि ती ऐकल्यावर मान डोलवणे थांबते. ती गोष्ट म्हणजे प्रामाणिकपणा, अंतःकरणाचा खरेपणा. शिक्षेच्या किंवा बदनामीच्या भीतीनेच जो वाईट टाळतो आणि वर चांगलेही करतो, त्याला ते जवळजवळ ख्रिस्तीसुद्धा म्हणायला तयार नाहीत; तो निव्वळ ढोंगी, असे ते स्पष्ट सांगतात. जवळजवळ ख्रिस्ती होण्यासाठीसुद्धा देवाची सेवा करण्याची आणि त्याची इच्छा पाळण्याची मनापासूनची ओढ असावी लागते. म्हणजे प्रामाणिकपणा ही ह्या शिडीची शेवटची पायरी असेल असे आपण धरून चाललेलो असतो, आणि वेस्ली तिला ‘जवळजवळ’च्या आतच बसवतात. मनापासून केलेली धडपड, खरी तळमळ, स्वच्छ हेतू हे सगळे असूनही मनुष्य पुरता ख्रिस्ती नसू शकतो.

विश्वासाच्या खरेपणाविषयी मी ऐकलेली बहुतेक प्रवचने ढोंग्यांना झोडपतात आणि प्रामाणिक माणसांना सुखरूप घरी पाठवतात. ऐकणाऱ्यांपैकी जवळपास प्रत्येक जण स्वतःला प्रामाणिकांत मोजत असल्यामुळे अशा प्रवचनांनी फारसे कोणाचे काही बिघडत नाही आणि घडतही नाही. वेस्लींचे प्रवचन ही सुटकेची वाट बंद करते, म्हणून मी त्याला कठीण म्हणतो.

हे बोलण्याचा अधिकार त्यांना कुठून आला, हे त्यांनी तिथेच सांगितले. मला स्वतःविषयी मोकळेपणाने बोलू द्या, अशी परवानगी मागून ते म्हणाले की, कित्येक वर्षे मी इथवरच आलो होतो, आणि ह्याच ठिकाणचे अनेक लोक त्याचे साक्षी आहेत. मी वाईट टाळले, वेळ वाया जाऊ दिला नाही, प्रार्थना, प्रभुभोजन अशी सर्व कृपासाधने वापरली, आणि हे सगळे प्रामाणिकपणे केले. तरीही त्या सर्व काळात मी फक्त जवळजवळ ख्रिस्ती होतो. ऐकणाऱ्यांना हे शब्द किती झोंबले असतील ह्याची कल्पना करा, कारण ऑक्सफर्डने वेस्लींची ती वर्षे डोळ्यांनी पाहिली होती. १७२९ पासून ते आणि त्यांचे बंधू चार्ल्स ह्यांच्याभोवती काही मित्रांचा एक लहान गट जमला होता. ते उपास करत, प्रभुभोजन नियमाने घेत, तुरुंगातील कैद्यांना भेटत, आणि त्यांच्या ह्या काटेकोरपणाची थट्टा म्हणून लोकांनी त्यांना ‘मेथडिस्ट’, म्हणजे पद्धतीवाले, हे नाव ठेवले होते. ह्या माणसाची ती वर्षे ‘जवळजवळ’मध्ये मोडत असतील, तर आपली कुठे मोडतात, हा प्रश्न प्रत्येक श्रोत्यापुढे आपोआप उभा राहिला असणार.

ह्या कबुलीच्या मागे एक प्रवास आहे आणि तो मुलांना सांगण्याजोगा आहे. १७३५ च्या अखेरीस वेस्ली सुवार्तेच्या सेवेसाठी अमेरिकेतील जॉर्जियाला निघाले. जानेवारी १७३६ मध्ये समुद्रात मोठे वादळ झाले, लाटा जहाजावर येऊन आदळल्या, इंग्रज प्रवासी किंचाळू लागले, आणि जहाजावरचे मोराव्हियन पंथाचे जर्मन ख्रिस्ती मात्र शांतपणे आपले स्तोत्र गात राहिले. वादळ ओसरल्यावर वेस्लींनी त्यांच्यातल्या एकाला विचारले की, तुम्हाला भीती वाटली नाही का? देवाची कृपा, नाही वाटली, असे उत्तर आले. तुमच्या बायकामुलांना? त्यांनाही मरणाची भीती वाटत नाही, असे तो म्हणाला. स्वतःच्या मनातली मरणाची भीती वेस्लींना ठाऊक होती, त्यामुळे हे उत्तर त्यांच्या मनातून गेले नाही. पुढच्याच महिन्यात जॉर्जियात पोहोचल्यावर मोराव्हियन पुढारी स्पँगेनबर्ग ह्यांनी त्यांना विचारले, “तुम्ही येशू ख्रिस्ताला ओळखता का?” वेस्ली थबकले आणि म्हणाले, “तो जगाचा तारणारा आहे, हे मला माहीत आहे.” “खरे आहे. पण त्याने तुमचे तारण केले आहे, हे तुम्हाला माहीत आहे का?” त्यावर त्यांनी उत्तर दिले की, तो माझ्या तारणासाठी मरण पावला अशी मला आशा आहे. स्पँगेनबर्ग ह्यांनी पुन्हा विचारले, “तुम्ही स्वतःला ओळखता का?” वेस्ली म्हणाले, “ओळखतो.” आणि नंतर दैनंदिनीत त्यांनी नोंदवून ठेवले की, ते शब्द पोकळ होते अशी मला भीती वाटते. ते तेव्हा दीक्षित पाळक होते, आणि इतरांचे मन वळवण्यासाठी महासागर ओलांडून आले होते.

ह्यापुढची गोष्ट तुम्ही कदाचित ऐकली असेल. २४ मे १७३८ च्या संध्याकाळी लंडनमधील आल्डर्सगेट स्ट्रीट येथील एका लहानशा सभेत रोमकरांस पत्राला जर्मन धर्मसुधारक ल्यूथर ह्यांनी लिहिलेली प्रस्तावना वाचली जात असताना, नऊला सुमारे पंधरा मिनिटे कमी असताना, आपले अंतःकरण विलक्षण रीतीने उबदार झाले आणि तारणासाठी आपण फक्त ख्रिस्तावर भरवसा ठेवला आहे असे आपल्याला जाणवले, असे वेस्लींनी लिहिले आहे. ‘जवळजवळ ख्रिस्ती’ हे प्रवचन ह्यानंतर तीन वर्षांनी झाले.

मग पुरता ख्रिस्ती कोण? प्रवचनाचा दुसरा भाग ह्याचे उत्तर देतो. पुरत्या ख्रिस्ती माणसाच्या अंतःकरणात देवाविषयीची प्रीती असते, अशी की तिच्यामुळे त्याच्या सगळ्या इच्छा एकाच दिशेला वळतात. त्याला शेजाऱ्याविषयी प्रीती असते, आणि शेजारी म्हणजे जगातला प्रत्येक माणूस, आपला वैरी आणि देवाचाही वैरी त्यात आलाच. आणि ह्या दोन्ही प्रीतींच्या मुळाशी विश्वास असतो. ह्या विश्वासाची व्याख्या करताना वेस्लींनी स्वतःचे नवे काही न सांगता इंग्लंडच्या मंडळीच्या जुन्या अधिकृत उपदेशांतलेच शब्द घेतले: ख्रिस्ताच्या पुण्याईने माझ्या पापांची क्षमा झाली आहे आणि देवाशी माझा समेट झाला आहे, असा खात्रीचा भरवसा. शास्त्र खरे आहे एवढे मानणे हा तो विश्वास नव्हे, कारण तेवढे तर भुतेही मानतात. ज्या विश्वासातून पश्चात्ताप, प्रीती आणि सत्कर्मे उपजत नाहीत तोही हा विश्वास नव्हे.

इथे प्रश्नाचा रोख बदलतो. पहिल्या भागात मी काय करतो आणि किती मनापासून करतो, ही चौकशी चालली होती, आणि तिचे तोंड माझ्याकडे होते. दुसऱ्या भागात मी कोणावर प्रीती करतो आणि कोणाच्या भरवशावर उभा आहे, असे विचारले जाते, आणि तिथे नजर माझ्यावरून उठून ख्रिस्ताकडे जाते. पौल तीमथ्याला लिहितो तेव्हा तो ज्याला ‘निष्कपट विश्वास’ म्हणतो, त्या ठिकाणच्या ग्रीक शब्दात मुखवटा घालून रंगमंचावर उभ्या राहणाऱ्या नटाची आठवण दडलेली आहे; निष्कपट म्हणजे मुखवट्याशिवायचा. मुखवटा काढण्याचा एक मार्ग म्हणजे आरशासमोर उभे राहून तो ओरबाडत बसणे, आणि दुसरा म्हणजे ज्याच्यासमोर मुखवट्याची गरजच राहत नाही अशा कोणाच्या तरी जवळ जाणे. माझ्या अनुभवात पहिला मार्ग माणसाला अधिकाधिक स्वतःतच गुंतवतो. प्रवचनाच्या शेवटी वेस्ली एकामागून एक प्रश्न विचारत जातात: देवाची प्रीती तुमच्या अंतःकरणात ओतली गेली आहे का? माझा देव आणि माझे सर्वस्व, असे तुम्ही म्हणू शकता का? त्याच्यावाचून तुम्हाला दुसरे काही नको आहे का? तुम्ही देवामध्ये सुखी आहात का? ह्या शेवटच्या प्रश्नापाशी मी दर वेळी थांबतो. मी आज्ञाधारक आहे की नाही, ह्याचे उत्तर माझ्यापाशी तयार असते, पण मी त्याच्यामध्ये सुखी आहे की नाही, ह्याचे उत्तर शोधावे लागते.

आता एक सावधगिरी, आणि ती मी मनापासून सांगतो आहे. हे प्रवचन एकटे वाचू नका. वेस्लींनी ह्याच विषयावर पुढे जे म्हटले तेही सोबत वाचा. ह्या प्रवचनात एक उणीव आहे, असे मला वाटते. ‘जवळजवळ’ आणि ‘पुरता’ ह्यांच्या मधे ते एवढी खोल दरी दाखवतात की देवाचा शोध घेत असलेला, पण अजून खात्री न लाभलेला माणूस पलीकडच्या काठावरच्या ढोंग्याच्या बरोबरीला जाऊन बसतो. वेस्लींना पुढे हे स्वतःलाच जाणवले. आपल्या दैनंदिनीत त्यांनी पूर्वी लिहिले होते की, इतरांना वळवायला अमेरिकेला गेलेलो मी स्वतःच देवाकडे वळलेलो नव्हतो. नंतरच्या आवृत्तीत त्याच वाक्याला त्यांनी टीप जोडली की, ह्याविषयी माझी खात्री नाही. तेव्हाही माझ्यापाशी सेवकाचा विश्वास होता, पुत्राचा नव्हता इतकेच, असेही त्यांनी नोंदवले. आणि १७८८ मध्ये, इब्री ११:६ ह्या वचनावरील विश्वासाविषयीच्या प्रवचनात, वयाच्या ८४ व्या वर्षी, त्यांनी उघडपणे मान्य केले की, जवळजवळ ५० वर्षांपूर्वी आम्ही उपदेश करू लागलो तेव्हा देवाचा सेवक आणि देवाचे लेकरू ह्यांतला फरक आम्हाला पुरेसा कळलेला नव्हता. जो देवाचे भय धरतो आणि नीतीने वागतो तो त्याला मान्य आहे, हे आम्ही नीट जाणले नाही. आणि त्यामुळे ज्यांची अंतःकरणे देवाने दुःखी केली नव्हती, ती आमच्याकडून दुःखी केली जात. हे वाक्य मी माझ्या वहीच्या पहिल्या पानावर उतरवून ठेवले आहे. ज्याला कोणाला कठोर प्रवचन करायचे आहे किंवा कोणाला ऐकवायचे आहे, त्याने ते आधी वाचावे अशी माझी कळकळीची इच्छा आहे.

आणखी एक गोष्ट सांगतो, कारण ती तुमच्या शेवटच्या प्रश्नाला थेट भिडते. त्या प्रवचनानंतर २५ वर्षांनी, जून १७६६ मध्ये, वेस्लींनी बंधू चार्ल्सना एक पत्र लिहिले. त्यातले काही शब्द दुसऱ्या कोणाला वाचता येऊ नयेत म्हणून त्यांनी लघुलिपीत लिहिले: मी देवावर प्रीती करत नाही, कधी केलीच नाही, आणि म्हणून ख्रिस्ती अर्थाने मी कधी विश्वासच ठेवलेला नाही. हे लिहिणारा माणूस तेव्हा ६३ वर्षांचा होता आणि हजारो लोक त्याच्या उपदेशाने देवाकडे वळले होते. त्याच पत्रात त्यांनी असेही लिहिले की, तरीही मी जो उपदेश करतो त्याहून वेगळा उपदेश करण्याचे धाडस मला होत नाही, आणि देवाच्या सर्व कामाविषयीची माझी आस्था कमी न होता वाढतेच आहे. हे पत्र वाचून वेस्ली ढोंगी होते असा निष्कर्ष कोणी काढला, तर तो मला अन्यायाचा वाटेल. माणसाच्या मनात कोरडे दिवस येतात, कधी कोरडी वर्षे येतात, आणि त्या दिवसांत आपण आपल्याविषयी जे बोलतो ते देवाने आपल्याविषयी ठरवलेले असतेच असे नाही. त्यांनी ते लपवून स्वतःशीच ठेवले नाही, आपल्या भावाला लिहिले, ही गोष्ट माझ्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे.

म्हणून भगिनी, तुम्ही ढोंगी आहात का, ह्याचे माझे उत्तर असे आहे. ढोंगी माणसाला प्रार्थनेत मन हजर नसल्याचे दुःख होत नाही. शब्द नीट उमटले आणि ऐकणाऱ्यांवर छाप पडली की त्याचे समाधान होते. तुम्हाला ते दुःख होते आहे आणि ते तुम्ही लिहून कळवलेत. वेस्लींच्याच मोजपट्टीने पाहिले तरी ढोंग्याची जागा तुमची नाही. तुम्ही ‘जवळजवळ’मध्ये आहात की त्याच्या पलीकडे, हे मी एका पत्रावरून सांगू शकत नाही आणि सांगूही नये, परंतु तुमच्यासारख्या माणसासाठी मार्काच्या नवव्या अध्यायात एक तयार प्रार्थना आहे. आजारी मुलाला घेऊन आलेला बाप प्रभूला म्हणतो की, माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका. त्या बापाचा विश्वास पुरता नव्हता, हे त्याने स्वतःच्या तोंडाने सांगितले, आणि प्रभूने त्याच्या मुलाला बरे केले. पुढच्या वेळी तुम्ही प्रार्थना चालवताना मन भरकटलेले आढळले, तर सुंदर शब्दांनी ते झाकू नका. क्षणभर थांबा आणि मनातल्या मनात एवढीच प्रार्थना करा. आणि हा कोरडेपणा बराच काळ टिकून राहिला, त्याच्यासोबत झोप, भूक आणि कामातला रसही जाऊ लागला, तर त्याला केवळ विश्वासाचा प्रश्न समजू नका. पाळकांशी बोला, आणि डॉक्टरांशीही बोला. थकलेल्या एलीया संदेष्ट्याला देवाने उपदेश करण्याआधी झोपू दिले आणि जेवू घातले होते.

खात्री नसलेल्या व्यक्तीने असे प्रवचन ऐकवावे का, ह्याचे उत्तर मी ‘हो’ असे देतो, पण काही अटींवर. पीटर बोलर नावाच्या मोराव्हियन मित्राला वेस्लींनी मार्च १७३८ मध्ये नेमका हाच प्रश्न विचारला होता: माझ्यापाशी विश्वास नाही, मग मी उपदेश करणे सोडून देऊ का? बोलर म्हणाले की, मुळीच नको. तुम्हाला विश्वास लाभेपर्यंत विश्वासाचा उपदेश करा, आणि मग लाभला म्हणून करा. हा सल्ला मला पूर्णपणे निर्धोक वाटत नाही, कारण स्वतःपाशी नसलेल्या गोष्टीविषयी भरभरून बोलण्याची सवय लागली तर तीच मुखवटा होऊन बसते. परंतु जो आपली अवस्था न लपवता बोलतो, त्याच्या बाबतीत तो खरा ठरतो. तेव्हा तुम्ही शिक्षिकेच्या जागेवरून हे प्रवचन मुलांच्या अंगावर टाकू नका. त्यांच्यासोबत श्रोत्यांत बसून ते ऐका.

प्रत्यक्षात ते कसे करावे, ह्याविषयी थोडक्यात सांगतो. प्रवचन लांब नाही, शांतपणे वाचले तरी अर्ध्या तासात संपते. भाषा अठराव्या शतकातली असली तरी, साध्या लोकांसाठी साधे सत्य सांगायचे हा वेस्लींचा बाणा असल्यामुळे, इंग्रजी बऱ्यापैकी येणाऱ्याला ती फारशी अडवत नाही. अडली तिथे तुम्ही स्वतः मराठीत सारांश करा, त्यातून तुमचाही अभ्यास होईल. एकाच बैठकीत दोन्ही भाग संपवू नका. पहिला भाग वाचून मुलांना आठवडाभर सोडले तर ती निराश होतील, म्हणून त्या दिवशी थोरल्या भावाचा दाखला सोबत वाचा आणि बाप त्याच्यासाठीही बाहेर आला होता, हे दाखवून द्या. दुसऱ्या भागासोबत १७८८ च्या त्या कबुलीविषयी सांगा. सगळ्यांसमोर हात वर करायला लावणे, कोणाला उभे करून साक्ष द्यायला लावणे, ‘तू जवळजवळ आहेस की पुरता’ असे कोणाला विचारणे, ह्यातले काहीही करू नका. तसे केले की मुले तुम्हाला हवे असलेले उत्तर देतील, आणि मुखवट्यांत आणखी एकाची भर पडेल. पौल करिंथकरांना म्हणतो की, तुम्ही विश्वासात आहात की नाही ह्याविषयी आपली परीक्षा करा. दुसऱ्याची करा असे तो म्हणत नाही. संघात एखादे हळवे मूल असेल, जे आधीच प्रत्येक चुकीसाठी स्वतःला दोष देत असते, तर त्याच्याशी आधी एकट्याने बोला आणि चेपलेला बोरू प्रभू मोडणार नाही, मिणमिणती वात विझवणार नाही, हे यशयाचे वचन त्याच्या हाती द्या. हे प्रवचन निश्चिंतांसाठी लिहिले गेले होते, आणि तरुण संघात सगळेच निश्चिंत नसतात.

आधी तुम्ही ते एकट्या वाचा, निदान दोनदा, आणि शेवटच्या प्रश्नांपाशी हातात पेन्सिल असू द्या. ज्या प्रश्नाला उत्तर सुचणार नाही त्याच्यावर खूण करा. मग मुलांसमोर बसाल तेव्हा खूण केलेला तो प्रश्न पहिल्याने घ्या, आणि त्यांना विचारण्याआधी त्याचे स्वतःचे उत्तर त्यांना सांगा, ते ‘अजून नाही’ एवढेच असले तरी चालेल.

ख्रिस्तामध्ये आपला,
सदरलेखक